पेटीवरचा ठोका

मुलांच्या तोंडून परमेश्वर बोलत असतो, फक्त ऐकणाऱ्याला कान हवेत. हे वाक्य माझं आहे. आमच्या 'रंगवेल' बालनाट्य मंडळाच्या स्मरणिकेत ते भडंगाच्या जाहिरातीच्या बरोबर वर छापलेलं आहे, आणि ते लिहीपर्यंत मी मंडळातल्या एकाही मुलाशी धड दोन वाक्यं बोललो नव्हतो. मी त्यांचा लेखक होतो.

सांगलीत नाटक लिहिणं ही काही विशेष गोष्ट नव्हे. इथं ज्याला कृष्णेत पोहता येत नाही तो नाटक लिहितो. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचो, रविवारच्या पुरवणीत विनोदी सदर चालवायचो, आणि वर्षातून एकदा जिल्हा बालनाट्य स्पर्धेसाठी मंडळाला नाटक लिहून द्यायचो. दरवर्षी आम्हाला उत्तेजनार्थ मिळायचं. लेखनासाठी तेही नाही.

त्या वर्षीचं नाटक होतं 'गुपितांचा बाजार'. एक व्यापारी दुकान मांडून बसलाय आणि मुलं त्याला आपापली गुपितं विकायला येतात, एवढीच गोष्ट. तालीम एका जुन्या हळदीच्या गोदामात चालायची. आम्ही त्याला हॉल म्हणायचो. तिथं बसून उठलं की पँटची बसण्याची जागा पिवळी व्हायची. दिग्दर्शिका हेमाताई अणवेकर पुढं खुर्चीवर, कोपऱ्यात पेटीवर शशीकाका तगारे, आणि खिडकीपाशी शिलाईचं मशीन घेऊन कल्पनाताई कोठावळे. त्या कपडे शिवायच्या. त्यांची मुलगी शाल्मली नाटकात दिव्याचा खांब होती. नऊ वर्षांची, अबोल. खांबाला ती अगदी योग्य होती.

त्या दिवशी गुपित विकणारी एक मुलगी गोवर की कांजिण्या निघाल्यामुळे आली नव्हती. हेमाताई म्हणाल्या, "शालू, तू ये गं. तिच्या जागी उभी राहा. वाक्यं नाही आली तरी चालतील, मनानं बोल काहीतरी."

शाल्मली व्यापाऱ्यासमोर येऊन उभी राहिली. व्यापारी झालेल्या ओंकारनं पोट पुढं काढून विचारलं, "काय गं, गुपित आणलंस? दाखव!"

"दाखवायचं नाही."

"मग विकणार कसं?"

"विकायचं नाही. नुसतं ठेवून घ्या."

"अगं, मग घरीच ठेव की!"

"घरी ठेवायला जागा नाही. आई सगळं झाडते."

हॉल खदखदला. कल्पनाताईंची स्वच्छता मंडळात प्रसिद्ध होती. त्या आम्हाला बसायच्या आधी खुर्च्या पुसायला लावायच्या. त्या मशीनवरून तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "बघा की सर, भर सभेत आईचं काढतीय!" आणि दोऱ्याचं रीळ आणायला बाहेर गेल्या.

ओंकारला चेव आला. "काय भाव?"

"फुकट. पण कुणाला सांगितलंत तर आई मरेल."

"आणि माझ्या नोकरानं सांगितलं तर?"

"तरी आईच मरेल. तसं ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

शाल्मलीनं मान वळवली. त्याच क्षणी शशीकाकांनी पेटीवर दणकन ठोका मारला, तमाशात सोंगाड्याच्या वाक्यावर मारतात तसा, आणि अख्खा हॉल पोट धरून हसला. मीही हसलो. हसता हसता पेनचं टोपण शोधत होतो.

"सर, घ्या लिहून!" शशीकाका पेटीवरून ओरडले. "असं नाटक तुम्हाला जन्मात सुचायचं नाही!"

मी लिहून घेतलं. शब्दन् शब्द. आणि शेवटी कंसात लिहिलं: 'इथे पेटीवर ठोका.' शाल्मलीला खांबावरून बढती मिळाली.

शशीकाका म्हणजे मंडळाचा कणा. बँकेतून निवृत्त, स्वतःची ओमनी व्हॅन, हॉलची किल्ली त्यांच्याकडे, मुलांना घरी सोडायचं तेच, आणि बैठकीला पोहे करायचे तेही तेच. पोह्यांत शेंगदाणे सढळ. सदस्य बैठकीला विषयांसाठी येत नसत. शाल्मलीचं घर कुपवाड रस्त्याला, सगळ्यांत लांब, म्हणून ती शेवटी उतरायची आणि पुढच्या सीटवर बसायची.

"शालू पुढं!" तालीम संपली की शशीकाका हाक द्यायचे.

"मी मागं बसते."

"अगं, मागं दाटी होते. चल, आमची हिरॉईन पुढं!"

ती पुढं बसायची. मी बघायचो. 'हिरॉईन आतापासूनच नखरे करते' असं मी हेमाताईंना म्हणालोही होतो. मुलांच्या स्वभावावर माझा अधिकार होता. स्मरणिकेत लेख होता माझा.

एकदा कल्पनाताई मापं घेताना म्हणाल्या, "सर, तुम्ही तरी हिला सांगा जरा. तालमीच्या दिवशी नेमकं हिचं पोट दुखतं. आणि परवा अंथरूण ओलं केलं हो, नऊ वर्षांची घोडी! ओवा देते, गुळवेल देते, उपयोग नाही."

"रंगमंचाची भीती," मी म्हणालो. "मोठमोठ्या नटांना होते. जुलाबसुद्धा होतात."

"असं होय!" त्यांना बरं वाटलं. मलाही. एखाद्या आईला आपल्या ज्ञानाचा उपयोग झाला की बरंच वाटतं.

"आणि शशीकाकांच्या हातचा खाऊ घेत नाही. इतका जीव लावणारा माणूस, मला बाई ओशाळायला होतं."

"कलावंत लहरी असतात," मी म्हणालो.

स्पर्धेचा दिवस उजाडला. नाट्यगृह भरलेलं. निम्मे प्रेक्षक पालक आणि उरलेले पुढच्या नाटकाचे पालक. परीक्षकांत कोल्हापूरच्या कुमुदताई शिरगावकर होत्या. तरुणपणी रंगभूमी गाजवून पुढं त्या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका झालेल्या. पहिल्या रांगेत, मांडीवर आमची संहिता, नाकावर चष्मा.

शाल्मलीचा प्रवेश जवळ आला आणि विंगेत एक स्वयंसेवक धावत आला. "ओमनी कुणाची आहे? गेटात आडवी लावलीय! परीक्षकांच्या जेवणाचा टेम्पो आत येईना!"

शशीकाका पेटी सोडून किल्ल्या चाचपत पळाले. मी विंगेतून पाहत होतो. म्हटलं, येतील ठोक्यापर्यंत.

"घरी ठेवायला जागा नाही. आई सगळं झाडते." नाट्यगृह हसलं. खरंखुरं, मागच्या रांगेपर्यंत. चौदा वर्षांच्या लेखनात मला असलं हसू मिळालं नव्हतं.

"कुणाला सांगितलंत तर आई मरेल." आणखी हसू.

"तरी आईच मरेल. तसं ठरलंय." टाळी. माझे कान गरम झाले.

"कुणी ठरवलं?" ओंकारनं कमरेवर हात ठेवून विचारलं.

ठोका आला नाही. शाल्मलीनं पेटीकडं बघितलं. पेटीपाशी कुणीच नव्हतं. एवढ्या तालमींत पहिल्यांदाच त्या प्रश्नापुढं जागा मोकळी राहिली होती. ती थांबली. मग प्रेक्षकांकडं तोंड करून, खणखणीत आवाजात, हेमाताईंनी शिकवल्याप्रमाणे मागच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली:

"शशीकाकांनी."

आमचे पालक अक्षरशः खुर्च्यांवर आपटले हसून. शशीकाका सगळ्यांना माहीत होते. बाकीच्यांना माहीत नव्हते, पण शेजारचा एवढा हसतोय म्हटल्यावर तेही हसले. मला मात्र घाम फुटला. संहितेबाहेरच्या वाक्याला गुण कापतात.

प्रयोगानंतर मी मागच्या बाजूला चहाच्या टेबलापाशी उभा होतो. परीक्षकांनी स्पर्धकांशी बोलायचं नाही असा नियम होता, त्यामुळं कुमुदताईंनी मला जिन्याखाली बोलावलं.

"म्हैसाळकर तुम्हीच ना? लेखक?"

"हो."

"त्या मुलीचा प्रवेश. तो कुणी लिहिलाय?"

"मीच." संहितेवर नाव होतंच.

"मुलांशी बोलून वगैरे लिहिलात? तालमीत एखाद्या मुलीच्या तोंडून आलं, असं काही?"

आता हा सरळ प्रश्न होता. सरळ उत्तरही होतं. पण चौदा वर्षं मी त्या हशाची वाट बघत होतो आणि तो येऊन अजून पाऊण तास झाला नव्हता.

"नाही. पूर्ण माझंच."

"आणि शेवटचं उत्तर? ते संहितेत नाही. शशीकाका कोण?"

"आमचे पेटीवाले. मुलांचे लाडके. स्थानिक गंमत म्हणून ऐन वेळी मीच घातलं."

त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला. "मग सुटले बाई. मला वाटलं, पोरीचंच आहे की काय."

"का? पोरीचं असतं तर?"

"तर मला आत्ता, असंच्या असं उठून पोलिसांना कळवावं लागलं असतं. अहो, 'सांगितलंस तर आई मरेल' हे पोर स्वतः रचत नाही. ते कुणीतरी मोठं माणूस पोराला पढवतं. आणि का पढवतं ते मी तीस वर्षांत दोन-तीनदा बघितलंय."

मी हसलो. विनोदी लेखकाचं तोंड अडचणीत आपोआप तसं होतं. "पण समजा, नुसती शंका असेल? खात्री नसेल तर?"

"खात्री करणं आपलं काम नाही. पोरीला खोदून खोदून विचारायचं नाही, त्या माणसाला विचारायचं नाही, समित्या नेमायच्या नाहीत. पोलिसांत जायचं, नाहीतर मुलांच्या हेल्पलाइनला, दहा-नऊ-आठला, फोन लावायचा. शंका आली आणि गप्प बसलं तर तोच गुन्हा आहे, कायदाच झालाय आता तसा." त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "पण तुम्हीच लिहिलंय म्हणताय."

"हो."

"छान लिहिलंय," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

मी तिथंच उभा राहिलो. पुढची सीट, ओवा, अंथरूण, खाऊ. सगळं मला माहीत होतं, आणि प्रत्येक गोष्टीला मी काहीतरी नाव देऊन ठेवलं होतं. नखरे. रंगमंचाची भीती. कलावंताची लहर. फक्त ती सगळी एका रांगेत कधी उभी केली नव्हती. रचना हा माझा विषय समजला जायचा.

बाहेर आलो तर व्हॅन सुरू. मुलं मागं कोंबलेली, शाल्मली पुढं, तोंडाला अजून रंग. कल्पनाताई आत कपड्यांची गाठोडी बांधत होत्या. शशीकाका काच खाली करून म्हणाले, "काय सर, पोरीनं स्टेजवर माझं नाव घेतलं म्हणे! मी बाहेर गाडी हलवतोय आणि आत माझी अब्रू! लबाड कुठली. का तुम्हीच घातलंत?"

ते हसत होते, पण उत्तरासाठी थांबलेही होते. शाल्मली माझ्याकडं बघत होती.

"मीच घातलं," मी म्हणालो.

"तरीच! पुढच्या प्रयोगाला मी असेनच ठोक्याला," ते म्हणाले. मी गाडीच्या टपावर थाप मारली, जाणाऱ्या गाडीच्या टपावर मारतात तशी, आणि म्हणालो, "सावकाश जा."

गाडीत त्या संध्याकाळी काय झालं, काही झालं की नाही, मला माहीत नाही.

घरी जाऊन हेमाताईंना फोन केला. अडखळत, कायदा मध्ये घालत सांगितलं.

"मकरंद, तुला बरं आहे ना?" त्या म्हणाल्या. "अरे, माझ्या दोन्ही मुलांना त्यांनी सायकल शिकवली!"

"ताई, शंका पुरते म्हणतात."

"शंका कुणावरही घेता येते. आज तू त्यांच्यावर घेतोस, उद्या कुणी तुझ्यावर घेईल. उद्या सकाळी बैठक घेऊ. रीतसर."

"कुठं?"

"हॉलवर."

"हॉलची किल्ली शशीकाकांकडे आहे."

मग त्या म्हणाल्या, "मी मागून घेते. विषय सांगत नाही."

सकाळी आम्ही गेलो तेव्हा शशीकाकांनी हॉल उघडून सतरंजी अंथरली होती आणि स्टोव्हवर पोहे टाकले होते. बैठक म्हटल्यावर पोहे, हा रिवाज. "गोपनीय विषय आहे," हेमाताई म्हणाल्या. "असू दे, असू दे, मी बाहेर पेटी पुसत बसतो," ते म्हणाले, आणि ताटल्या देऊन व्हरांड्यात जाऊन बसले. आम्ही आवाज खाली ठेवून बोललो. पोहे थंड होऊ नयेत म्हणून मध्येमध्ये खाल्लेही.

ठरलं ते असं: दोन महिला सदस्यांची चौकशी समिती नेमावी. कुठंही वाच्यता करू नये. स्पर्धेचा निकाल लागेपर्यंत तर मुळीच नाही. तोपर्यंत शाल्मलीला व्हॅनमध्ये मागं बसवावं.

"आणि मकरंदनं तिला एकदा गोडीगुलाबीनं विचारावं," हेमाताई म्हणाल्या. "लेखक आहे, शब्द सापडतील त्याला."

मी 'बरं' म्हणालो. कुमुदताईंनी करू नका म्हणून सांगितलेल्या गोष्टी आम्ही ओळीनं करत आणल्या होत्या, ते मला कळत होतं. तरी 'बरं' म्हणालो. तोंडात पोहे होते.

तेवढ्यात दारात कल्पनाताई आल्या, डोक्यावर गाठोडं. कपडे परत द्यायला. माझ्या हातात गाठोडं देताना हसून म्हणाल्या, "सर, तुमच्या नाटकानं माझा जीव घेतला बघा. पोरगी काल घरी आल्यापासून मला सोडेना. रात्रभर कवटाळून झोपली. दर घटकेला उठवून विचारती, 'आई, तुला काय होत नाही ना?' नाकापुढं हात धरून बघती, श्वास चाललाय का. आज शाळेलाबी गेली नाही. म्हणली, मी गेले की तू मरशील. कशीबशी शेजारणीपाशी बसवून आले. काय तरी भाषणं लिहिता हो तुम्ही लेकरांना!"

गाठोडं माझ्या हातात होतं. कल्पनाताईंच्या मागं, व्हरांड्यात, शशीकाकांचा पेटी पुसणारा हात थांबला होता.

"कल्पनाताई, बाहेर या जरा."

मी त्यांना गेटापर्यंत नेलं. सदरासाठी मी शब्द तासन्‌तास निवडायचो. इथं एकच वाक्य होतं.

"ते मी लिहिलेलं नाही."

"कुठलं?"

"आई मरेल, ते. त्यातलं काहीच. तालमीत तीच बोलली होती. मी उतरवून घेतलं."

त्यांच्या चेहऱ्यावर हसू तसंच राहिलं होतं; उतरायला त्याला वेळ लागला. "मग ते शशीकाका..."

"तेही तीच बोलली."

त्या व्हरांड्याकडं वळल्या. मला वाटलं, आता ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. कमरेला पदर खोचला.

"कुठं जायचं असतं?" त्यांनी विचारलं.

"पोलिसांत. मी येतो. आत्ताच जाऊ."

"थांबा. आधी घरी जाऊन येते."

"ताई, उशीर नको."

"तिला सांगून येते," त्या म्हणाल्या, "की तू सांगितलंस, आणि मी जिवंत आहे."

आम्ही दुपारच्या आत चौकीवर पोचलो. संध्याकाळी एक महिला फौजदार साध्या साडीत कल्पनाताईंच्या घरी गेल्या आणि शाल्मलीशी बोलल्या. मी तिथं नव्हतो. माझा जबाब दुसऱ्या दिवशी झाला. फौजदार मॅडमनी संहिता पुढं ठेवली आणि म्हणाल्या, "यातलं तुमचं कुठलं, तिचं कुठलं, खुणा करा."

मी खुणा केल्या. त्यांनी पान फिरवून बघितलं.

"म्हणजे लोक हसले ती सगळी तिची?"

"हो."

"आणि हे कंसातलं? ठोका?"

"ते माझं."

शशीकाकांना अटक झाल्यावर मंडळ बंद पडलं. हेमाताई वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत; मग एका लग्नात भेटल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "निकालानंतर सांगता आलं नसतं का रे?" आणखी दोन मुलींच्या घरून तक्रारी आल्या. त्या दोघीही कधीतरी पुढच्या सीटवर बसत असत.

खटला बंद दाराआड चालला. आरोपीच्या वकिलांनी मला फार त्रास दिला नाही.

"प्रयोगानंतर परीक्षकांनी आपल्याला विचारलं होतं, की हा प्रवेश कुणी लिहिला?"

"हो."

"आपण काय सांगितलंत?"

"मी लिहिला."

"आणि शशीकाका हे नाव?"

"मी घातलं, असं सांगितलं."

"खुद्द माझ्या अशिलांनाही तेच सांगितलंत?"

"हो."

"म्हणजे मुलीनं आपलं लिहिलेलं पाठ करून म्हटलं."

"नाही. मी खोटं बोललो होतो."

"का?"

मी गुणांचं सांगितलं. हशाचं सांगितलं नाही. न्यायाधीशबाईंनी काहीतरी लिहून घेतलं.

शिक्षा झाली ती शाल्मलीच्या साक्षीवर. पडद्याआड बसून ती सगळं बोलली म्हणतात, न थांबता. तिथं ठोका मारायला कुणी नव्हतं. निकालपत्रात माझ्याबद्दल एकच ओळ आहे: सदर साक्षीदाराचे कथन परस्परविरोधी असल्याने विचारात घेतलेले नाही.

स्पर्धेचा निकाल त्याआधीच, अटकेच्या आठवड्यात लागला होता. लेखनाचं पहिलं पारितोषिक मला मिळालं. मी ते परत करण्यासाठी आयोजकांना भेटलो. त्यांनी नियमावली उघडून दाखवली. परत घेण्याची तरतूद नाही.